चौथ्या खुर्चीतली बाई

निर्मळ, २९ मार्च

वसू,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. चोवीस वर्षांनी पाठवलेला आशीर्वाद लागतो की नाही, मला ठाऊक नाही, आणि तुला हवा आहे की नाही तेही नाही. अक्षर माझं आहे, चौथीपर्यंतचं, तेव्हा सांभाळून वाच. आर्या म्हणाली, "आजी, तू बोल, मी टाइप करते." मी म्हटलं, नको, तू माझ्या तोंडात तुझे शब्द घालशील. शेवटी असं ठरलं की तिच्या वहीच्या कागदावर मी लिहायचं, तिने फोटो काढायचा आणि तिकडे कॅनडाला तुझ्या फोनवर पाठवायचा. तुझा नंबर तिच्याकडे होताच. दोन वर्षं आहे म्हणे. आत्याशी बोलते आणि एका घरात राहून मला पत्ता लागू देत नाही. जितेशची मुलगी खरी, पण वळण तुझं आहे.

काही मागायला लिहीत नाही. कुणी आजारी नाही. जितेश ठीक आहे, त्याला या पत्राचं सांगितलेलं नाही.

झालं ते असं. गेल्या वर्षी दहावीच्या सुट्टीत आर्याने मला एक वेड लावलं. बर्फावर नाचणाऱ्या मुली. तू बर्फाच्या देशात राहतेस, तुला नवल नसेल. पायात सुरी लावलेले बूट, अंगात तोकडा झगा, आणि खाली एवढा मोठा पांढरा बर्फ की आपली केळीची अख्खी वाडी त्यात मावेल. दुपारी जेवणं झाली की मी मोगऱ्याच्या कळ्या पुढ्यात घेऊन बसते. आर्या फोन टीव्हीला जोडते. बाहेर ऊन, वर पंखा, समोर त्या पोरी फिरतात. मध्येच माझा डोळा लागतो. उघडतो तरी त्या फिरतच असतात. झोपेत पाहिलेली कोणती आणि टीव्हीत पाहिलेली कोणती, याचा हिशेब मी सोडून दिला आहे. हाताखालचा गजरा मात्र चुकत नाही.

त्यांची नावं जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी झग्यावरून ओळखते. आमची लाडकी ती मोरपंखी. काल जागतिक स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. पूर्वेकडच्या कुठल्याशा शहरात होती, म्हणून आपल्याकडे भरदुपारी दिसली. शेजारची पॉलिन आली होती. तीच पॉलिन. दात गेले, जीभ जागेवर आहे.

मोरपंखी सगळ्यात शेवटी उतरली. पहिल्यांदा नुसतीच उभी राहिली, मान खाली घालून, विहिरीत वाकून बघावं तशी. मग हळूहळू निघाली. पाय उचलल्याचं दिसत नव्हतं. वारा नसताना पाण्यावर पान सरकत जातं ना, तसं. तिने उडी घेतली तेव्हा पॉलिनच्या हातातला कप वाकडा झाला आणि कॉफी माझ्या कळ्यांवर सांडली. मी ओरडले नाही, यावरून काय ते समज.

मग गुण आले, आणि ती दुसरी. पहिली आली एक पांढऱ्या झग्याची पोर, सतरा वर्षांची, आर्याच्याच वयाची. अर्ध्या गुणाने.

आर्याने उशी भिंतीवर मारली. तिकडे लोक खुर्च्यांवर उभे राहून हुर्यो करायला लागले. ती पांढरी पोर मधल्या पायरीवर चढली तेव्हाही हुर्यो. गळ्यात सोनं आणि चेहरा असा, की चोरी करताना पकडली आहे. तासाभरात आर्याच्या फोनवर सगळा शोध लागला. नऊ परीक्षक असतात. त्यातली चौथ्या खुर्चीवरची बाई मोरपंखीच्याच देशाची. आणि सगळ्यांत कमी गुण तिनेच दिलेले. परक्यांनी भरभरून दिलं, घरच्या बाईने कापलं.

"आजी," आर्या फोन माझ्या तोंडासमोर धरून म्हणाली, "त्या बाईला दोन शेलक्या शिव्या घाल. मी टाकते. लोक वाट बघतायत."

ही माझी बोलणी मध्ये मध्ये जगाला दाखवते. एकदा एक पोर धपकन पडली तेव्हा मी म्हटलं होतं, "केळीचा घड उतरवावा तशी उतरली." ते म्हणे हजारो लोकांनी ऐकलं. खोटं कशाला बोलू, मला आवडलं होतं.

मी तोंड उघडलं. आणि वसू, जीभ हललीच नाही.

"काय गं द्रौपदी," पॉलिन म्हणाली, "पानी पी. शिवी अडकली काय घशात?"

आर्या चिडली. "ती काय तुझी मावशी लागते का?" म्हणाली.

मी उठून मागच्या दारी गेले. रात्र गेली, आणि आज हे लिहायला बसले. श्रावणातल्या त्या फुगडीच्या स्पर्धेबद्दल मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, मी जे पाहिलं ते दिलं. आजही तेच सांगते.

खाली काय लिहायचं ते सुचत नाही.

द्रौपदी


निर्मळ, ३१ मार्च

वसू,

आर्याने दाखवलं, तुझ्या नावाखाली दोन निळ्या खुणा आल्या आहेत. म्हणजे वाचलंस. उत्तर नाही. ठीक आहे, मी उत्तरासाठी लिहिलंही नव्हतं.

इकडे आर्याच्या फोनला दोन दिवस झोप नाही. कुठकुठल्या देशांतली माणसं मोरपंखीसाठी छाती बडवत आहेत. कुणी अर्ज केला आहे, त्यावर लाखांनी सह्या. कुणी त्या उडीचा व्हिडिओ हळू करून त्यावर लाल रेघा ओढतं. कुणी हिरव्या रेघा ओढून सांगतं की लाल रेघा चुकीच्या. चौथ्या खुर्चीतल्या बाईचं घर शोधलं, कुत्रा शोधला, तिच्या मुलाच्या लग्नाचा फोटो शोधला. विकली गेली म्हणतात. जळते म्हणतात, स्वतःला तरुणपणी बक्षीस मिळालं नाही म्हणून. आर्यानेही इंग्रजीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं काय लिहिलंस, तर म्हणाली, "म्हातारे, डोळे तपासून घे, असं."

मी म्हटलं, "घरात म्हातारी आहे ते विसरलीस का?"

"तुझे डोळे चांगले आहेत, आजी. तू कधी असं केलं असतंस का? गावात अजून सांगतात, द्रौपदीकाकीने पोटच्या पोरीलाही सोडलं नाही, इतकी सरळ बाई."

मग तिला ती स्पर्धा कशी असायची ते ऐकायचं होतं. तुला सगळं पाठ आहे, पण तिला जसं सांगितलं तसं इथे लिहिते, मधलं काही गाळलं असेल तर तुला कळेल.

मंगळागौरीच्या महिन्यात आपलं महिला मंडळ फुगडीची स्पर्धा ठेवायचं. परीक्षक तीन, मी, कृष्णाबाई आणि शाळेच्या बाई. आम्हा दोघींना लिहिण्याचं वावडं, आणि कागदावर लिहिलं की भांडणं होतात, म्हणून गुण फुलांनी द्यायचे. प्रत्येक जोडीमागे प्रत्येक परीक्षकिणीला दहा सोनचाफे. जोडीची फुगडी झाली की फडक्याने झाकलेल्या परडीत हात घालून द्यायची तितकी फुलं सोडायची आणि उरलेली मुठीत झाकून आपल्या ओटीत टाकायची. कुणी किती दिली ते कुणाला दिसत नाही. सगळं संपलं की तिघींनी तळ्याच्या पायरीवर जाऊन ओट्या पाण्यात रिकाम्या करायच्या. मागे काही ठेवायचं नाही. मग परड्या उघडून फुलं मोजायची.

"केवढं भारी," आर्या म्हणाली. "म्हणजे तुमची मार्कशीट पाण्यात तरंगायची."

"हो," म्हटलं.

"आणि आत्याचं काय झालं?"

"विनिताच्या जोडीला सव्वीस, वसू आणि रीमाला पंचवीस. विनिताची जोडी दिल्लीला गेली, लोकनृत्याच्या महोत्सवाला, पंधरा दिवस."

"एका फुलाने!" म्हणाली. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मी कळ्या निवडत राहिले.

दुपारी पुन्हा डोळा लागला. स्वप्न पडलं की आपलं निर्मळचं तळं गोठलंय. पार काठापर्यंत पांढरं, आणि त्यावर वरून ऊन, तरी वितळत नाही. गावातल्या सगळ्या बायका पायऱ्यांवर बसलेल्या, पदर सावरून, आणि मधोमध कुणीतरी दोघी फुगडी घालतायत. लांब असल्यामुळे तोंडं दिसेनात. पायांचा आवाज नाही, बांगड्यांचा नाही. त्या इतक्या जोरात फिरत होत्या की दोघींची एकच बाई दिसायला लागली, वर निमुळती, खाली घेर. पॉलिन माझ्या कानाशी म्हणाली, "द्रौपदी, गुण दे." मी ओटीत हात घातला तर आत बर्फ. जागी झाले तेव्हा हात खरंच गार होता. कळ्यांवर शिंपडायच्या पाण्याच्या वाटीत बुडाला होता.


निर्मळ, ३ एप्रिल

वसू,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

काल त्या चौथ्या खुर्चीतल्या बाईने तोंड उघडलं. कुणी माईक धरला होता, ती पायऱ्या उतरत होती. जाड चष्मा, केस पांढरे, हातात आपल्या भाजीच्या पिशवीसारखी पिशवी. थांबली आणि एकच वाक्य बोलली. आर्याने मराठीत सांगितलं, "मी जे पाहिलं ते लिहिलं."

आर्या हसली. "बघ, सगळे चोर हेच म्हणतात."

एक शब्द सोडला तर वाक्य माझंच होतं. मी तुला न्हाणीघराच्या दारात उभी राहून जसं म्हटलं होतं, तसं.

मी आर्याला म्हटलं, "ती उडी लाव. हळू कर."

"किती वेळा बघणार?"

"मी सांगेपर्यंत."

जेवणानंतर बसलो ते चहापर्यंत. तिच्या रेघा काढायला लावल्या, लाल नको आणि हिरव्याही नको. नुसते पाय बघितले. फुगडीत खोटं कुठे असतं ते मला माहीत आहे. तोंड हसत असतं, हात ताणलेले असतात, आणि खाली टाच हळूच टेकते. टाच टेकली की दम मिळतो, बघणाऱ्याला वाटतं अजून जोरात आहे. मोरपंखी हवेत गेली, सुंदर गेली, पण पाव चक्कर राहिलेली असताना पाय खाली आला. उरलेली पाव चक्कर तिने बर्फावर फिरून भरली. एकदा नाही. तिन्ही उड्यांत. डोळ्यांत पाणी येईल असं नाचते ती, म्हणून कुणी पायांकडे बघत नाही. चौथ्या खुर्चीतल्या बाईने बघितलं. आपल्या देशाची पोर, तरी बघितलं, आणि बघितलं तेवढंच लिहिलं.

आर्याला दाखवलं. तिने तेवढंच पुन्हा लावून पाहिलं. मग म्हणाली, "पण आजी, आपल्या माणसाला कुणी इतकं कापतं का?"

"कापलं नाही तिने. कापणं वेगळं असतं."

"तुला काय माहीत?"

आता तुला सांगते मला काय माहीत. तुला हे चोवीस वर्षं माहीत आहे, पण माझ्या तोंडून नाही.

तुझी आणि रीमाची फुगडी चालू होती तेव्हा मी टाचा बघत होते. तुझ्या टाचा टेकल्या नाहीत. रीमाच्याही नाहीत. दोघींचे हात असे ताणलेले की मधून दोरी काढली असती तर वाजली असती. शेवटी तुम्ही थांबलात तरी परकर अर्धी गिरकी फिरत राहिला. मी सगळ्या आयुष्यात तशी फुगडी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. मी दहा पाहिले.

सात दिले.

आठवडाभर आधी गिरीजच्या नाक्यावर तुला व्हिव्हियनच्या मोटरसायकलवर मागे बसलेली पाहिलं होतं. केस मोकळे. मी केळीच्या पानांचा भारा घेऊन उभी होते, तू मला ओळखलं नाहीस, किंवा बघितलंच नाहीस. घरी येऊन मी काही बोलले नाही. तुझे बाबा अंथरुणावर होते. मनात एकच घोकत बसले की ही दिल्लीला गेली तर तो मागून जाईल आणि ही परत यायची नाही. चर्चवाला जावई आणि गावाची तोंडं, तेही होतं, ते नव्हतं असं म्हणणार नाही. पॉलिनच्या घरचा केक मी खायची आणि तिच्या जातभाईला पोरगी द्यायला मरायची, असला माझा सरळपणा.

झाकलेल्या परडीत हात घातला आणि सात फुलं सोडली. तीन मुठीत राहिली. ओटीत टाकायची तर हात तिकडे जाईना. बाकीच्या जोड्यांची उरलेली होती त्यांत ही मिसळवेनात. म्हणून पदराच्या टोकाला गाठ मारली. तळ्यावर ओटी रिकामी केली. गाठ विसरले.

दुसऱ्या दिवशी तू धुणं भिजवायला घेतलंस. सोनचाफा तो, पाण्यात पडला तरी वास सोडत नाही. गाठ सोडलीस आणि तीन फुलं हातात घेऊन आलीस. तपकिरी झाली होती. "आई, ही कुणाची?"

"विनिताच्या वेळची."

"विनिताच्या वेळी तू गाठ मारली नाहीस. माझ्या वेळी मारलीस. मी दम खात उभी होते, तुझ्याकडेच बघत होते."

आणि मी म्हटलं, "मी जे पाहिलं ते दिलं."

तू फुलं तिथेच दगडावर ठेवलीस. दीड महिन्याने वसईच्या कोर्टात सही करून व्हिव्हियनबरोबर गेलीस. मी गावभर सांगितलं, पोरगी पळाली. लोक म्हणाले, काकी किती सरळ, नशीब मात्र वाकडं. पुढे पंधरा वर्षं मलाच परीक्षक केलं. दर श्रावणात मानाची खुर्ची, मानाचा नारळ. मी घेतला. चव चांगली होती.

त्या बाईला लोक शिव्या घालतात जे तिने केलं नाही त्याबद्दल. मी ते केलं, आणि मला नारळ मिळाले.

माफी लिहीत नाही. ती तू द्यायची की नाही, ते तुझं तू बघ. मी फक्त गुण दुरुस्त करते. माझे दहा. तुमचे अठ्ठावीस.

आई


निर्मळ, ५ एप्रिल

निळ्या खुणा आल्या. पुढे काही नाही.

आर्याने फोटो काढताना पत्र वाचलं. वाचणारच होती. काल दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी येऊन म्हणाली, "मी त्या बाईबद्दल लिहिलेलं काढून टाकलं." मग म्हणाली, "पण तुझ्यावर मी चिडलेली आहे." मी म्हटलं, बरोबर आहे. टीव्ही लावला नाही.


निर्मळ, १० एप्रिल

वसू,

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. नुसतं तुला लिहून गुण दुरुस्त होत नाहीत. परडी गावासमोर उघडली होती.

काल मंडळाची बैठक होती, चैत्राच्या हळदीकुंकवाची. अध्यक्ष विनिता. तीच, जी तेव्हा दिल्लीला गेली. आता चष्मा लागलाय, गुडघे दुखतात, पण बाई नेटकी आहे. रीमाही होती. ती तळ्याजवळ हार विकते. पॉलिन मंडळात नाही, तरी माझ्याबरोबर आली आणि दारातच स्टुलावर बसली. म्हणाली, "तुला मारलं तर उचलायला कोनतरी हवं."

मी उभी राहिले आणि सांगितलं. सात दिले, दहा पाहिले होते. लांबण लावली नाही.

आधी कुणाला कळेना मी कशाबद्दल बोलते. मग एक सून हसली, "काकी टीव्हीवरचं सांगतायत." दुसरी म्हणाली, "दुपारभर बर्फ बघून डोक्यात गेलाय." मग जुन्या बायकांना आठवलं, आणि वसू, आर्याच्या फोनमध्ये जे चाललं होतं ते सगळं त्या खोलीत सुरू झालं. एक म्हणते मला तेव्हाच संशय होता. दुसरी म्हणते वसूची टाच टेकली होती, मी स्वतः पाहिली. तिसरी म्हणते, मग माझ्या वहिनीच्या वर्षी पण हिने कापले असणार. कृष्णाबाई असती तर तिने तोंडं बंद केली असती, ती वर गेली. मी उभीच. कुणी बस म्हणेना, आणि मीही बसले नाही.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर विनिता म्हणाली, "काकी, माझ्या हॉलमध्ये दिल्लीचा फोटो आहे. नातवंडांना दाखवते. आता तो ठेवू की काढू, ते पण तूच सांग."

मला ती पांढऱ्या झग्याची पोर दिसली, मधल्या पायरीवर. तिने तरी काय चोरलं होतं?

"ठेव," म्हटलं. "तुझी फुगडी खोटी नव्हती. तुला सव्वीस मिळाले ते तुझेच. खोटी मी होते."

"मग चोवीस वर्षं गप्प होतीस, तर अजून चार वर्षं काढायची होतीस," ती म्हणाली. "मी मेल्यावर सांगायचंस. आता सांगून कुणाचं भलं केलंस?"



रीमा कोपऱ्यात होती. ती माझ्याजवळ आली. मला वाटलं मारणार. तिने फक्त विचारलं, "म्हणजे माझा पाय चुकला नव्हता?"

"नाही."

"काकी, मी चोवीस वर्षं समजत होते माझा पाय चुकला. वसू माझ्यामुळे हरली, म्हणून गेली. त्यानंतर मी कधी फुगडी घातली नाही. माझ्या मुलीच्या मंगळागौरीला पण नाही. सगळ्या हात ओढत होत्या, मी म्हटलं माझ्या पायात दोष आहे."

मला तुझं माहीत होतं. रीमाचं माहीत नव्हतं. एवढी तीन फुलं, कुणाकुणाच्या घरात गेली बघ.

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. विनिताकडे वळली आणि म्हणाली, "ये गं."

"वेडी का? माझे गुडघे."

"ये म्हणते ना."

आणि त्या दोघी म्हाताऱ्या होत चाललेल्या बाया मधे उभ्या राहिल्या. हातांची कैची घातली. बसकी फुगडी नाही, गरगर नाही, हळूहळू, जशी पिठाची चक्की सुरू होताना फिरते तशी. विनिता "आई गं, आई गं" करत होती. खिडकीतून कलतं ऊन येत होतं आणि त्यात धूळ फिरत होती, त्यांच्याबरोबर, त्यांच्याच दिशेने. कुणी टाळी वाजवली नाही. मी डोळे पायांवर ठेवले नाहीत. पहिल्यांदाच मी फुगडी बघताना तोंडाकडे बघितलं. रीमा रडत होती की हसत होती, सांगता येणार नाही. मला सगळं बर्फावर चालल्यासारखं दिसत होतं, आवाज लांबून यावा तसं.

थांबल्यावर विनिता भिंतीला टेकली आणि दम खात मला म्हणाली, "पुन्हा कधी स्पर्धा ठेवली तरी तुला परीक्षक करायची नाही, हे आत्ताच सांगते."

"करू नका," म्हटलं.

दारातून पॉलिन म्हणाली, "चला, जिवंत आहे. घरी चल."


निर्मळ, १३ एप्रिल

वसू,

तुझं उत्तर आलं. आर्याने वाचून दाखवलं. वर आई नाही, खाली नाव नाही, मधे एकच ओळ.

"मी दिल्लीहून परत आले असते."

तिला मी आणखी दोनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज बिघडला, म्हणून पुरे म्हटलं. फोन तिने माझ्या हातात दिला आणि ती बाहेर गेली. मी ते काचेवरचं वाक्य बोटाने धरून बसले, तर ते सरकलं आणि वर गेलं. परत खाली कसं आणायचं ते मला येत नव्हतं.

खरं आहे. तू आली असतीस. मी ते आत्ता पाहिलं.

व्हिव्हियनला माझं काय सांगायचं ते तू ठरव. रीमाने तुझा नंबर मागितला, मी आर्याला द्यायला सांगितला. ते तुला न विचारता केलं. त्याबद्दल रागवायचं तर रागव.

दुपारी कळ्या घेऊन बसले. टीव्ही बंद होता, तरी डोळा लागला. आणि तू दिल्लीहून परत आलीस. केसांत गाडीची धूळ, हातात तुझ्या बाबांची पत्र्याची पेटी, पायांत चपला कुठल्यातरी नव्या. दारात उभी राहिलीस, एकवीस वर्षांची. मी म्हटलं, किती वाळलीस, तिकडे खायला घालत नव्हते का, पाय धू आणि ताटावर बस. तू म्हणालीस, आई, तिकडे इतकी थंडी नव्हती, तू उगाच शाल दिलीस. पाय धुतलेस. येऊन बसलीस. मी चुलीकडे वळले, झाकण काढलं, आणि तेवढ्यात आर्याने चहाला उठवलं.

झाकणाखाली काय होतं ते मला दिसलं नाही. पंधरा दिवसांनी घरी आल्यावर तुला काय खायचं होतं, तेवढं कळव.

आई